शंभरातले सरकारचे किती?



इकाम्याच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की आपल्या प्रत्येकाच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो : विम्याचे झाले का? विम्याची नोंद झाल्याशिवाय इकामा पुढे सरकत नाही, हे आता नव्याने आलेल्या मंडळींनाही पाठ झाले आहे. कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत असे ठरले की, आजारपणाच्या खर्चाविषयी अंकात एखादा लेख यावा. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी तब्येतीवर लिहावे आणि खर्चाचे आकडे मी पाहावेत, अशी वाटणी झाली. माझ्या नावामागचा 'डॉ.' हा रसायनशास्त्रातला आहे. त्यामुळे सर्दी-तापावरचे औषध कृपया मला विचारू नये! आकड्यांशी मात्र रोजचा संबंध आहे, म्हणून हा प्रपंच.

प्रश्न साधा आहे. एखाद्या देशात वर्षभरात दवाखाना, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया यांवर एकूण जो खर्च होतो, त्यातल्या दर शंभर रुपयांपैकी सरकारी तिजोरीतून किती येतात? हा आकडा देशोदेशी इतका वेगळा का? आणि आपण, म्हणजे घर महाराष्ट्रात आणि पगार सौदी अरेबियात असलेली कुटुंबे, त्यात नेमके कुठे बसतो?

तीन खिसे

आजारपणाचे पैसे शेवटी तीनच खिशांतून येतात. पहिला खिसा सरकारचा. सक्तीच्या सामाजिक विम्याची वर्गणीही बहुतेक हिशेबांत याच खिशात धरतात. दुसरा खिसा खासगी विम्याचा, ज्याचा हप्ता आपण किंवा आपला मालक भरतो. तिसरा खिसा आपला स्वतःचा : औषधाच्या दुकानात रोख मोजलेले पैसे, बायकोच्या बांगड्या, भावाकडून घेतलेली उसनवारी.

जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी देशोदेशीचे हे हिशेब प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांचे ठोकळ आकडे असे : ब्रिटन आणि जपानमध्ये शंभरातले ऐंशीहून अधिक सरकारी खिशातून जातात. जर्मनीत पाऊण हिस्सा किंवा थोडा जास्त. थायलंडमध्ये सत्तरच्या आसपास. अमेरिकेत साधारण निम्मे. बांगलादेशात विसाच्याही आत. आपल्या यजमान देशात, सौदी अरेबियात, हा आकडा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत साधारणपणे ६० ते ७५ च्या पट्ट्यात राहिला आहे.

भारताचा हिशेब आपले आरोग्य मंत्रालय स्वतंत्रपणे मांडते. त्यानुसार २०१३-१४ साली शंभरातले २८.६ रुपये सरकारचे होते आणि ६४.२ रुपये लोकांच्या स्वतःच्या खिशातले. २०२१-२२ साली सरकारचा वाटा ४८ वर आला आणि स्वतःच्या खिशाचा ३९.४ वर उतरला. त्या वर्षी कोविडवरचा खर्च होता हे ध्यानात ठेवले, तरी बदल लहान नाही.

प्रयोगशाळेत आम्ही शिकतो की, आकडा हाती आला की आधी तो कशाने भागला आहे ते पाहावे. इथेही तसेच आहे. टक्का मोठा म्हणजे रक्कम मोठी असे नव्हे. अमेरिकेत सरकारचा वाटा निम्माच, पण तिथला एकूण खर्च इतका अवाढव्य आहे की तिथले सरकार दरडोई जेवढे खर्च करते, तेवढा ब्रिटनमध्ये सरकारी आणि खासगी मिळूनही होत नाही. भारतात २०२१-२२ साली सरकारने दरडोई ३,१६९ रुपये खर्च केले. म्हणजे दिवसाला नऊ रुपयांहून कमी. आपल्याकडे एक कटिंग चहासुद्धा त्यात जेमतेमच येतो.

तेव्हा टक्का सांगतो तो एवढेच : वाईट दिवस आला की ओझे कोणाच्या खांद्यावर पडते. ते ओझे कुठे कोणी का उचलले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

मुंबई बंदर आणि जेद्दा बंदर

सरकारे आजारपणात पडली ती आधी भीतीपोटी. १८६५ साली हजच्या वेळी मक्केत पटकीची मोठी साथ आली. हजारो यात्रेकरू दगावले, आणि परतणाऱ्या जहाजांबरोबर ती साथ इजिप्त व युरोपपर्यंत पोचली. दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हिंदुस्थानातून, विशेषतः मुंबई बंदरातून येणाऱ्या जहाजांवर तिथल्या चर्चेचा रोख होता. पुढे १८८० च्या दशकात तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर यात्रेकरूंना अडवून ठेवण्याची जागा झाली. मुंबईहून जेद्द्याला निघालेल्या कित्येक कोकणी व दख्खनी यात्रेकरूंनी त्या बेटावर दिवस काढले असतील. मुंबई-जेद्दा हा जलमार्ग हजसाठी १९९५ पर्यंत चालू होता, ही आठवण आपल्यातल्या काही जुन्या घरांत अजून आहे.

अडवणे, धूर देणे, टोचणे ही कामे सरकारची झाली. उपचार करणे हे मात्र सरकारचे काम असे फारसे कोणी मानत नव्हते. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पाहा. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये देऊ केले, पण अट घातली की कंपनी सरकारनेही तितकेच घालावेत. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि हे रुग्णालय सुरू झाले. म्हणजे त्या इमारतीच्या हिशेबात सरकारचा वाटा शंभरातले पन्नास, आणि तोही एका व्यापाऱ्याने अट घातली म्हणून! पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ ला उभे राहिले. १९२६ चे के. ई. एम. रुग्णालय व गोरधनदास सुंदरदास कॉलेज हे देणगीदार आणि महापालिका यांचे संयुक्त काम. 'इथले अध्यापक व डॉक्टर हिंदी असावेत' ही देणगीदारांची अट प्रसिद्ध आहे. १९४१ मध्ये टाटा विश्वस्त निधीने टाटा मेमोरियल रुग्णालय काढले. ते १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. मुंबईतली ज्या रुग्णालयांना आपण सवयीने 'सरकारी' किंवा 'म्युनिसिपालिटीचे' म्हणतो, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पाया देणगीचा आणि भिंती सरकारच्या आहेत.

तीन वाटा : कारखाना, युद्ध आणि पगारपत्रक

उपचाराचा खर्चही सर्वांनी मिळून उचलावा, हा विचार कायद्यात प्रथम आला तो जर्मनीत. १८८३ साली बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाचा सक्तीचा विमा आणला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. बिस्मार्क काही समाजवादी नव्हता. समाजवादी पक्षाकडे झुकणारा कामगार आपल्याकडे राहावा हा त्याचा हिशेब होता. पण हेतू काहीही असो, ती चौकट आजही उभी आहे आणि जर्मनीचा मोठा सरकारी आकडा मुख्यतः या वर्गणीतून येतो.

दुसरी वाट ब्रिटनची. युद्ध ऐन भरात असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला. (हे गृहस्थ जन्मले बंगालमधल्या रंगपूरला!) त्यावर पुढे ॲन्यूरिन बेव्हन या आरोग्यमंत्र्याने इमारत बांधली आणि ५ जुलै १९४८ रोजी तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. पैसा करातून, रुग्णाला मोफत. तीनच वर्षांत कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क लावायचे ठरले तेव्हा बेव्हन यांनी १९५१ ला सरकारमधून राजीनामा दिला. शंभरातले थोडेसे रुपये रुग्णाच्या खिशाकडे सरकले, एवढ्यावरून एक मंत्री घरी गेला.

तिसरी वाट अमेरिकेची, आणि ती जवळजवळ अपघाताने पडली. १९४२ मध्ये युद्धकाळातील महागाई रोखण्यासाठी पगारवाढीवर बंधने आली. कामगार तर हवे होते. मग मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला, कारण त्यावर बंधन नव्हते. पुढे या विम्याला करातही सवलत मिळाली आणि तात्पुरती सोय कायमची झाली. नोकरी आहे तोवर विमा, नोकरी गेली की विमाही गेला. वृद्ध आणि गरीब या व्यवस्थेबाहेर राहिले, म्हणून १९६५ साली त्यांच्यासाठी सरकारी योजना आणाव्या लागल्या. तिथला आजचा निम्मा वाटा मुख्यतः या योजनांतून येतो.

वाचकांनी ही तिसरी वाट जरा लक्षात ठेवावी. आपल्याशी तिचा संबंध पुढे येणार आहे.

नाशिकचे भोर आणि प्राध्यापक अडारकर

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यापूर्वी, १९४३ साली, सरकारने आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या बिशप्स शाळेत आणि डेक्कन कॉलेजात, मग सनदी नोकरी आणि काही वर्षे कोचीन संस्थानची दिवाणगिरी. या समितीचा अहवाल १९४६ मध्ये, म्हणजे ब्रिटनची आरोग्य सेवा प्रत्यक्ष सुरू होण्याच्याही दोन वर्षे आधी आला. त्यातले मूळ तत्त्व असे : पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांविना राहता कामा नये. हिंदुस्थानातल्या बहुसंख्यांची ऐपत नाही हे उघड होते, म्हणून सेवा सरकारने द्यावी आणि ती मोफत असावी, असे समितीने सुचवले. दर ४०,००० वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही तातडीची पायरी सांगितली. आपल्या तालुक्याच्या गावी जी 'पीएचसी'ची पिवळट इमारत दिसते, तिची कल्पना या अहवालातली आहे. १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेत अशी केंद्रे सुरू झाली.

त्याच वर्षी, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला सांगण्यात आले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या कामातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. गिरणगावात वाढलेल्या मंडळींना 'ईएसआयचा दवाखाना' वेगळा सांगायला नको. ही जर्मन वाट होती : मालक आणि कामगार दोघांची वर्गणी. आज ती पगाराच्या अनुक्रमे ३.२५ आणि ०.७५ टक्के आहे.

म्हणजे स्वतंत्र भारताच्या हातात दोन्ही नकाशे होते, भोर यांचा आणि अडारकरांचा. कमी पडला तो पैसा, आणि तो देण्याची निकड. पुढची कित्येक दशके केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपासच घुटमळत राहिला. उरलेली जागा खासगी दवाखान्यांनी भरली. १९८६-८७ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोक सरकारी रुग्णालयात जात होते. १९९५-९६ मध्ये ते प्रमाण पंचेचाळीसच्या आसपास उतरले. २०१७-१८ च्या पाहणीत शहरांमध्ये ते साधारण एक तृतीयांशावर होते. सरकारी रुग्णालये कोणी बंद केली नाहीत. ज्याला शक्य होते तो हळूहळू तिथून निघून गेला, आणि निघून गेलेल्यांत आपल्यापैकी बहुतेकांची घरे आहेत.

वाळवंटातली वाट

सौदी अरेबियाची वाट या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे. राजे अब्दुलअझीझ यांनी हिजाझ ताब्यात घेतल्यावर १९२५ मध्ये मक्केत सार्वजनिक आरोग्य खाते सुरू केले. त्यामागे अर्थातच हजचे यात्रेकरू होते. राज्याचे मुख्य उत्पन्नही तेव्हा यात्रेवरच अवलंबून होते. मग मार्च १९३८ मध्ये दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला तेल लागले. पूर्व प्रांतात आधुनिक वैद्यकीय सेवा मुख्यतः तेल कंपनीबरोबर आली. कतीफ आणि अल-हसाच्या खजुरांच्या बागांमध्ये हिवताप घरोघर होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने तिथे डीडीटीची फवारणी सुरू केली. १९५१ मध्ये आरोग्य मंत्रालय स्थापन झाले.

खरा वेग आला तो १९७० च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेनंतर आणि विशेषतः १९७३ साली तेलाचे भाव चौपट झाल्यावर. रियाधचे किंग फैसल स्पेशालिस्ट रुग्णालय १९७५ चे. १९७८ मध्ये अल्मा-अता येथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली आणि १९८० च्या सुमारास इथे वस्तीवस्तीत प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. इथे एक अभिमानाची गोष्ट सांगितली पाहिजे. अल्मा-अताच्या आधी जगभरातल्या ज्या प्रयोगांकडे जागतिक आरोग्य संघटनेने बोट दाखवले, त्यांत नगर जिल्ह्यातल्या जामखेडचा प्रकल्प होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तो १९७० साली सुरू केला होता. जामखेडच्या निरक्षर बायांना हाताशी धरून जे केले गेले, त्यातून जगाने काही उचलले, आणि तो विचार या वाळवंटापर्यंत पोचला.

इथे कर नव्हता, वर्गणी नव्हती. पैसा जमिनीखालून येत होता. १९९२ च्या मूलभूत राज्यशासन कायद्यातल्या ३१ व्या कलमात लिहिले आहे की, सरकार सार्वजनिक आरोग्याची काळजी घेईल आणि प्रत्येक नागरिकाला आरोग्यसेवा पुरवील. 'प्रत्येक नागरिकाला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सरकारी खात्यांत नोकरी करणाऱ्या परदेशी लोकांनाही सरकारी उपचार मिळत. पण १९९८ मध्ये तेल दहा डॉलरच्या आसपास उतरले, लोकसंख्या वाढत होती, आणि बाहेरून आलेल्यांचा भार कोणी उचलायचा हा प्रश्न ऐरणीवर होता. ऑगस्ट १९९९ मध्ये सहकारी आरोग्य विम्याचा कायदा झाला. खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगाराचा आणि त्याच्या आश्रितांचा विमा मालकाने उतरवायचा. अंमलबजावणी काही वर्षांनी, मोठ्या कंपन्यांपासून टप्प्याटप्प्याने झाली. खासगी नोकरीतले सौदी नागरिकही पुढे त्यात आले. किमान पॉलिसीची वार्षिक मर्यादा २०२२ मध्ये पाच लाख रियालवरून दहा लाख रियाल करण्यात आली.

आता वर सांगितलेला ६० ते ७५ हा आकडा पुन्हा पाहा. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या ३ कोटी २२ लाख, त्यातले १ कोटी ३४ लाख परदेशी. एकाच चंबूत तेल आणि पाणी ओतून सरासरी घनता सांगावी, तसा हा आकडा आहे. सरासरी बरोबर असते, पण चंबूत त्या घनतेचा एक थेंबही नसतो. नागरिकांच्या थरात सरकारचा वाटा या सरासरीपेक्षा बराच वर, आणि आपल्या थरात बराच खाली. आपल्या थराला लागू पडते ती अमेरिकेची तिसरी वाट : नोकरी आहे तोवर विमा.

याला एक अपवाद घडला आणि तो कृतज्ञतेने नोंदवायला हवा. ३० मार्च २०२० रोजी इथल्या सरकारने जाहीर केले की, कोविडवरचा उपचार नागरिक, रहिवासी आणि कागदपत्रे नसलेले लोक, सर्वांना मोफत मिळेल. कारण १८६५ चेच आहे : साथ इकामा पाहत नाही. पण त्या उन्हाळ्यात आपल्या कामगार बांधवांना त्याचा मोठा आधार झाला.

आपला थर

आता हे सगळे घरापर्यंत आणू. जुलै २०१७ पासून आश्रितांवर दरमहा माणशी १०० रियाल शुल्क लागले आणि दरवर्षी वाढत २०२० मध्ये ते ४०० झाले. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांनी त्या काळात बायको-मुलांना परत पाठवले. शाळा, भाडे, शुल्क यांचा हिशेब सगळ्यांनी केला. पण त्याच दिवशी ती बायको-मुले मालकाच्या विम्यातून निघून स्वतःच्या खिशावर आली, हा हिशेब फार थोड्यांनी केला.

आईवडील तर कधीच या विम्यात नव्हते. भेटीच्या व्हिसावर आले तर त्यांचा विमा होतो, पण तो प्रामुख्याने तातडीच्या प्रसंगासाठी. ते तिकडे, आणि तिकडे शंभरातले चाळीसच्या आसपास अजून रोख मोजावे लागतात. आपण दर महिन्याला पाठवतो त्या पैशांतला एक हिस्सा हा भारताच्या आरोग्य खर्चाचा भाग आहे. हिशेबात तो 'स्वतःचा खिसा' या सदरात पडतो.

आपल्याच एका ज्येष्ठ काकांचे सांगतो. सत्तावीस वर्षे इथे काम केले. मधुमेह इथेच जडला, इथल्या विम्यावर व्यवस्थित सांभाळला गेला. अंतिम एक्झिटचा शिक्का बसला त्या दिवशी विमा संपला. नाशिकला गेल्यावर त्यांनी पॉलिसी घेतली, पण जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ होता. त्या काळातच अँजिओप्लास्टी करावी लागली. पैसे होते, म्हणून निभावले. काकू मला म्हणाल्या, "अहो, वरच्या मजल्याचे पैसे होते ते. मजला राहिला, माणूस राहिला, एवढेच." त्यांच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे वरच्या मजल्याचे पैसे असतीलच असे नाही.

म्हणून इतिहास बाजूला ठेवून तीन व्यवहाराच्या गोष्टी.

एक : भारतातली आरोग्य पॉलिसी इथे असतानाच, तब्येत धडधाकट असताना घ्यावी. २०२४ मध्ये विमा नियामकाने आधीपासून असलेल्या आजारांचा जास्तीत जास्त प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. परत जाण्याच्या तीन वर्षे आधी पॉलिसी घेतली, आजार असल्यास खरे सांगितले आणि हप्ता चुकवला नाही, तर तो काळ इथेच सरून जातो. मालकाचा विमा आहे मग दुहेरी खर्च कशाला, असे वाटते खरे. पण तो हप्ता आजच्यासाठी नसून परतल्यानंतरच्या पहिल्या तीन वर्षांसाठी आहे.

दोन : आईवडील सत्तरी ओलांडलेले असतील तर त्यांचे आयुष्मान कार्ड काढावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. आधार कार्डावर नोंदणी होते. 'आपण कुठे गरीब आहोत' म्हणून कित्येक घरांनी ते काढलेलेच नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. जवळचे कोणते रुग्णालय या योजनांत आहे, हे प्रसंग येण्याआधी पाहून कागदावर लिहून फ्रिजवर लावावे.

तीन : इथले वैद्यकीय कागद सोडून जाऊ नयेत. बरेचसे अहवाल इंग्रजीत असतात, नसतील तर मागून घ्यावेत. दहा वर्षांचे रक्ताचे अहवाल एका फाईलमध्ये असले की तिकडचा डॉक्टर त्याच तपासण्या पुन्हा करायला कमी सांगतो.

शेवटी एक मुद्दा, तो तरुण मंडळींसाठी. थायलंड हा काही श्रीमंत देश नव्हता. २००२ साली त्यांनी सर्वांसाठी आरोग्य संरक्षणाचा कायदा केला, सुरुवातीला एका भेटीला तीस बाट एवढेच शुल्क ठेवले, आणि लोकांच्या खिशातून जाणारा वाटा सुमारे एक तृतीयांशावरून एक दशांशाच्या आसपास उतरला. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राने आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतले शुल्क माफ केले, हे चांगलेच झाले. पण शुल्क माफ असून औषध बाहेरून आणावे लागले तर हिशेब तिथेच राहतो. सुट्टीवर गेलात की गावच्या आरोग्य केंद्रात एकदा डोकवा, औषधे आहेत का, डॉक्टर असतात का ते विचारा, आणि नसतील तर निवडून आलेल्या माणसाला त्याबद्दल विचारा. भोर यांनी तो नकाशा आपल्यासाठीच काढला होता. परतून आपल्याला त्याच गावात राहायचे आहे.

पुढच्या स्नेहसंमेलनात भोजनाआधी एक तास आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते टेबल मांडून बसणार आहोत. आईवडिलांचे आयुष्मान कार्ड कसे काढायचे, पॉलिसीतला बारीक मजकूर कसा वाचायचा, याची जमेल तेवढी माहिती देऊ. येताना आपली पॉलिसी आणि चष्मा दोन्ही आणावे. कोणत्याही विमा कंपनीचा एजंट तिथे नसेल, याची खात्री बाळगावी.

कळावे, लोभ असावा.

— आपला,
मंडळाचा एक कार्यकर्ता, जुबैल